कानिफनाथाने लावलेली पोथी

राहुरीच्या बाजारात शमशेरभाई पुस्तकं विकायचा तशी कुणी वांगीसुद्धा विकत नसेल. गोणपाट अंथरायचं, एका बाजूला पंचांगं नि पोथ्या, दुसऱ्या बाजूला कादंबऱ्या, मध्ये स्वतः, आणि आवाज असा की बैल बुजावेत. "घ्या! श्रीमंताची पोर, गरिबाचा पोरगा! बापाचा नकार, पोरीचा होकार! घ्या! लहानपणी जत्रेत हरवलेले, मोठेपणी मांडवात सापडलेले! रडायचं असंल तर ही घ्या, नायिका क्षयाने जाते, रुमाल घरनं आणा!" लिहिणाऱ्याचं नाव तो चुकूनही घ्यायचा नाही. म्हणायचा, "वांगं घेताना माळ्याचं नाव कोण विचारतं? भरीत होईल का, एवढंच विचारतात."

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. श्रावण लागला होता. मी बाजारात शिरले तेव्हा शमशेरभाई एक नवीनच पुस्तक नाचवत होता. "घ्या! रांगडा गडी, मनाचा मेण! भांडणातून उमललेली प्रीत! एकाच खोलीत कोंडलेले दोन जीव! भर दुपारी घोडीवरून पाठलाग! आणि शेवट? साखरेहून गोड!" म्हटलं, असेल कुणा रिकामटेकड्याचं. जवळ जाऊन पुस्तक उचललं, पहिलं पान उघडलं.

कादंबरी माझी होती.

मी मुक्ताबाई. मुळेच्या काठच्या आमच्या गावात लोकल बोर्डाच्या शाळेची मास्तरीण. फायनल, म्हणजे सातवी पास. मला नवरा होता, तो वारला. चांगला माणूस होता, त्यामुळे त्याच्यावर कादंबरी लिहिण्यासारखं काही नाही. मी लिहिली ती माझ्या धाकट्या बहिणीची, छबूची.

छबूला नदीपल्याडच्या कानिफनाथाला दिली होती. बघायला आला तेव्हा अख्खं गाव लोटलं होतं, कारण त्याच्या तोंडात सोन्याचा दात होता आणि बुडाखाली तांबडी घोडी. आमच्या भिमाजीदादाला वाटलं, ज्याच्या तोंडात सोनं त्याच्या घरात काय असेल! घरात काय होतं ते छबूला कळलं. भाकरी करपली की थोबाडीत, भाकरी नीट झाली तरी बोलली का म्हणून थोबाडीत. आमची आई अंथरुणाला खिळली, छबू म्हणाली, मला एकदा जाऊन येऊ द्या. तो नाही म्हणाला. तिने परत विचारलं, तर तिला कडब्याच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली. शेवटी सासूलाच दया आली, तिने भर दुपारी कडी काढली आणि म्हणाली, पळ. छबू पळाली. हा घोडी घेऊन मागे. नदीला पाणी होतं. कुणाची तरी म्हैस पाण्यात उतरत होती, छबूने तिचं शेपूट धरलं आणि ऐलतीराला आली. घोडी काही पाण्यात उतरेना. चाबूक मारला तरी उतरेना.

छबू घरी पोचली तोवर आई गेली होती.

तेव्हापासून छबू आमच्यातच. भिमाजीदादाच्या गुऱ्हाळात रस ढवळते, बाजारात गूळ विकते, आणि तिच्या तोंडाला कुणी लागत नाही. मी हे सगळं लिहून काढलं. छबूची केली रखमा, कानिफनाथाचा केला बळवंत. दात ठेवला. घोडीही ठेवली. घोडीला मी काय म्हणून बदलायचं? त्या घरात सासू सोडली तर तेवढीच एक शहाणी होती. नाव दिलं 'मुळेपल्याड' आणि शमशेरभाईच्या नगरच्या छापखान्यात बाड नेऊन दिलं.

आणि आता हातातल्या पुस्तकावर छापलं होतं: 'रुसली रखमा, हसली रखमा'. वर एका बाईचं चित्र, गुलाबाचं फूल हुंगताना, खाली तो ओरडत होता तोच सगळा मजकूर, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझं नाव. आमच्या अख्ख्या तालुक्यात गुलाब हुंगायला कुणा बाईला सवड असेल तर मला दाखवा.

मी तिथंच, भर बाजारात, शमशेरभाईचा उद्धार केला. त्याच्या छापखान्याचा केला, गुलाबाचा केला, शेवटी शब्द संपले तेव्हा तो म्हणाला, "झालं का बाई? पाणी घ्या."

"मेल्या, हे काय छापलंस?"

"खोटं एक अक्षर असंल तर सांगा. गडी रांगडा हाय का न्हाई?"

"आहे, पण..."

"भांडण हाय?"

"आहे."

"दोघं एका खोलीत?"

"अरे, तो तिला कोंडतो! तो बाहेर असतो!"

"दार एकच ना? एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला. घोडी हाय, पाठलाग हाय. बाई, मी तुमचं बाड वाचलं. खरं सांगतो, माझ्या बायकोला वाचून दाखवलं तर चांदबी दोन घास जेवली न्हाई. पण बाजारात उभं राहून 'घ्या, बाईला मारतात, घ्या' असं ओरडू? ते तर लोकांच्या घरी फुकट हाय. ते विकत कोण घेईल?"

हे बोलणं मला झोंबलं. खरं होतं म्हणून झोंबलं.

"आणि मनाचा मेण कुठून आणलास?"

"तो मजकूर माझ्याकडं तयारच असतो. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून, सुतळीनं बांधून ठेवलाय. नवी कादंबरी आली की वरचं नाव बदलायचं. कागदाची ही टंचाई, त्यात नव्यानं खिळे कोण जुळवत बसणार?"

"आणि शेवट? साखरेहून गोड? माझी रखमा शेवटी बाजारात बसून गूळ विकते!"

"मग!" शमशेरभाई म्हणाला. "गूळ साखरेहून गोडच की."

अशा माणसाशी भांडून काय होणार? श्रावणात पोथ्यांचा खप असतो, म्हणून तो प्रत्येक पुस्तकाबरोबर बांधून ठेवायला एक लाल फडकं देत होता. मला म्हणाला, बाई, लिहिणाऱ्याला एक जादा. मी ते त्याच्या अंगावर फेकलं आणि घरी आले.

पुढच्या बाजाराला कानिफनाथ आला.

त्याला अक्षरओळख होती, पण वरच्या पानापुरती. आत शिरायचा कंटाळा. घोडी ऐकली, सोन्याचा दात ऐकला, आणि गडी हरखला ना! "आरं, ह्यो तर मीच!" ओठ वर करून सगळ्यांना दात दाखवू लागला. शमशेरभाईला दुसरं काय पाहिजे? त्याने कानिफनाथाला घोडीसकट गोणपाटाच्या शेजारी उभं केलं. "घ्या! खुद्द नायक हजर! हीच ती घोडी! हात लावून बघा, फुकट!" लोक पुस्तक घेत होते आणि घोडीला हात लावत होते. एका म्हातारीने तर कानिफनाथाची अलाबला घेतली. "मनाचा मेन बाई, बघूनच कळतं," म्हणाली. छबू त्याच बाजारात, चार पावलांवर गूळ विकत बसली होती. तिने वरही पाहिलं नाही. गिऱ्हाइकाने विचारलं, "काय गं, गलका कसला हाय?" तर म्हणाली, "घोडी इकायला आलीया."

मला ह्यात नुसती गंमत वाटली असती तर किती बरं झालं असतं. पण जो माणूस स्वतःबद्दल इतकं गोड वाचतो, त्याला ते खरंच वाटायला लागतं. कानिफनाथाला वाटलं, साखरेहून गोड शेवट छापलाय म्हणजे बायको परत यायचं ठरलंच. बहिणीने लिहिलंय म्हणजे बहिणीच्याच मनातलं असणार. आणि छबू? तिला कोण विचारतो. रुसली रखमा, हसली रखमा. हसायचं तेवढं बाकी होतं.

तो आला तो थाटात, पुलावरून लांबचा वळसा घेऊन. स्वतः घोडीवर, मागे बैलगाडी, गाडीत हिरवं लुगडं, चोळीचा खण, नारळ, आणि लाल फडक्यात बांधलेली माझी कादंबरी. गाव गोळा झालं. भिमाजीदादाने घोंगडी अंथरली, चहा सांगितला. आमचा दादा मनाने वाईट नाही, पण 'लोक काय म्हणतील' हा त्याचा पाचवा वेद. बहीण घरात ठेवलीय म्हणून तो दिवसातून दोनदा तरी उसासा टाकायचा. कानिफनाथाने पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं मात्र, दादाचं तोंड उजळलं.

"मुक्ते, छापलंय गं!" मला आत येऊन म्हणाला. "तूच लिवलंय आन् आता तूच आडवी येतीस?"

"दादा, ते वरचं मी लिहिलेलं नाही. आतलं वाच."

"आतलं कोन वाचतंय? गावानं वरचं वाचलंय. पाव्हनं लुगडं घिऊन आल्यात. उद्या सकाळी छबूला गाडीत बसवायची."

छबू चुलीपुढे भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "मी न्हाई जायची," म्हणाली.

"तुला इचारलंय का कुनी?" दादा म्हणाला. "ह्या येळंला न्हाई गेलीस तर माझ्या घरात तुला जागा न्हाई. सांगून ठिवतो."

छबूने भाकरी तव्यावर टाकली. ती करपली. छबूची भाकरी करपलेली मी त्या दिवशी पाहिली, परत कधी पाहिली नाही. मला इतका संताप आला की पदर खोचून मी तडक बाहेर, घोंगडीवर बसलेल्या बाप्यांपुढे जाऊन उभी राहिले.

"कानिफराव," म्हटलं, "पुस्तकात असं नाही. रखमा परत जात नाही."

"जाती!" तो म्हणाला. "छापील हाय. शेवट ग्वाड."

"तुम्ही वाचलंय?"

"वाचायची गरजच काय? लई शहानी हायेस तर तूच वाच की! गावापुढं वाच. मारुतीच्या देवळात वाच. फुडं नारळ ठिवतो, पोथीसारकी लावतो. मग तर झालं? व्हऊ दे गावाला कळू, कानिफनाथ कोन हाय त्ये!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मी लगेच हो म्हटलं नाही. लंकाबाईकडे पाहिलं.

लंकाबाई आमच्या गावची पोथी ऐकणारी. गावात कुठंही पोथी लागो, पहिल्या ओळीत लंकाबाई. वाचता एक अक्षर येत नाही, पण एक ओवी गाळली की वाचणाऱ्याला परत मागे नेणार. तिने कानिफनाथाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पाव्हनं, इचार करा. नारळ ठिवला की तुमी यजमान. यजमानानं समाप्तीपतोर उटायचं न्हाई. मागं एक मधीच उटला हुता. त्याच्या गोठ्यात फुडं कालवड म्हून झाली न्हाई."

"मी कशापायी उटतोय? माझीच पोथी हाय!"

"आन् समाप्तीला वाचनाऱ्याचा मान करावा लागतो."

"करू की! घाबरतोय व्हय?"

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं आटोपली आणि मारुतीचं देऊळ भरलं. श्रावण असल्यामुळे गावाचे कान पोथीला तयारच होते. बाया एकीकडे, बापे एकीकडे. खांबाला टेकून शमशेरभाई. तो कसा आला विचारू नका, खप असेल तिथे शमशेरभाई असतो. मध्ये पाट, पाटावर लाल फडकं, फडक्यावर माझी कादंबरी, तिच्यासमोर नारळ. कानिफनाथ फेटा बांधून यजमानाच्या जागी. कागद कमी म्हणून शमशेरभाईने माझी कादंबरी इतकी छाटली होती की दिवेलागणीच्या आत संपली असती. त्याच्यावर त्या एका गोष्टीसाठी मी कधी रागावले नाही.

मी वाचायला घेतलं. पहिलं प्रकरण बघण्याचं. घोडी आली, दात आला. कानिफनाथाने लोकांकडे वळून दात दाखवला. लोक हसले, कुणी तरी "वा पाव्हनं!" म्हणालं. भिमाजीदादा तर असा खुलला होता की जणू स्वतःचंच लग्न.

दुसऱ्या प्रकरणात बळवंत रखमाला पहिल्यांदा हात लावतो. बाया पदराआड हसल्या, पोरी कान टवकारून पुढे सरकल्या. मी वाचलं. भाकरी करपली होती, म्हणून त्याने हात लावला. तिच्या कानातली बुगडी चुलीत पडली. ती शोधायला तिने राखेत हात घातला तर तो म्हणाला, असू दे, भाकरीपेक्षा ती जास्त नाही भाजणार.

हसू थांबलं. कुणी तरी खोकलं.

"हितं कायतरी छापायचं चुकलंय," कानिफनाथ म्हणाला.

"पोथीत बोलायचं न्हाई," लंकाबाई म्हणाली. "वाच गं."

मी वाचत गेले. लोकांना अजून वाटत होतं, भांडण आहे, पुढे प्रीत उमलणार. शमशेरभाईने तसं सांगितलं होतं ना! एक बाप्या तर कुजबुजत होता, "खोली येऊ दे, खोलीत बगा." मग खोली आली. कडबा, अंधार, उंदीर. रखमा दारावर थापा मारते, म्हणते, माझी आई मरतीय हो. बाहेर बळवंत घोडीला खरारा करत असतो. मी पान उलटलं, आणि तेवढ्यात बायांच्या बाजूने छबू बोलली.

त्या खोलीबद्दल ती कधी बोलत नाही चारचौघांत. खाली बघूनच म्हणाली, "आक्का, तांब्या ऱ्हायला ल्ह्यायचा."

"कसला तांब्या?"

"पान्याचा. दाराला फट हुती. त्येच्याम्होरं भरून ठिवला हुता. दिसंल आसा. पर हात पोचत न्हवता."

हे मला ठाऊक नव्हतं. तिने मला सांगितलंच नव्हतं. बाहेर घोडीने नाक फुरफुरलं. आणि कानिफनाथ, फेटा सारखा करत, फुशारकीने म्हणाला:

"तांब्या न्हवता. कळशी हुती. पितळंची. तांब्याला काय, येवढ्याशा तांब्याला कोन बघतंय?"

आपण काय बोललो हे त्याला आधी कळलंच नाही. सगळे त्याच्याकडे बघायला लागले तेव्हा तो हसला, दात चमकला, आणि मग हसू हळूहळू उतरलं. कुणी शिवी दिली नाही. कुणी हातही उगारला नाही. पण बायांच्या बाजूने एक आवाज आला, उसासा म्हणा, की दातओठ खाल्ल्याचा म्हणा. बाप्यांतला खोलीची वाट बघणारा होता, त्याने मान खाली घातली.

कानिफनाथ उठायला लागला. "ही माझी गोष्टच न्हाई. ह्यात नाव बळवंत हाय."

"बसा," लंकाबाई म्हणाली.

"आगं म्हातारे, पर..."

"नारळ तुमी ठिवला. माझीच पोथी म्हनलात, साऱ्या गावानं ऐकलंय. बाजारात दात दावलात. बसा आता. समाप्ती व्हायचीय." आणि मला म्हणाली, "वाच. तांब्याच्या जागी कळशी घाल. पाव्हन्यांनी सांगितलीय."

मी कळशी घालून ते पान पुन्हा वाचलं. तो बसला. समोर मारुती, भोवती गाव, मागे लंकाबाई. न बसून सांगतो कुणाला? पाठलाग आला तेव्हा कुणी "हं" म्हटलं नाही. घोडी पाण्यात उतरली नाही तेव्हा मात्र बायांमधून कुणी तरी "शाब्बास गं बाये!" म्हणालं, आणि अख्खं देऊळ हसलं, मीही हसले, छबूसुद्धा हसली. पुस्तकाच्या नावातलं तेवढं एक खरं झालं. मग रखमा घरी पोचते आणि आई गेलेली असते, ते आलं, आणि मी पुस्तकाकडे न बघताच बोलत गेले, कारण मला अक्षरं दिसत नव्हती. भिमाजीदादा उपरण्यात तोंड खुपसून रडत होता. आई त्याचीही होती की!

शेवटचं प्रकरण छोटं. रखमा बाजारात गूळ विकते. कुणी विचारतं, परत जाणार का? ती म्हणते, गूळ किती देऊ? संपलं.

मी पुस्तक मिटलं. वाटलं, आता कुणी तरी म्हणणार, हा कसला शेवट. लंकाबाईने हात जोडून पाटाला नमस्कार केला आणि म्हणाली, "समाप्ती. यजमान, नारळ फोडा."

कानिफनाथाने नारळ फोडला. धड फुटेना, तीनदा आपटावा लागला.

"वाचनाऱ्याचा मान," लंकाबाई म्हणाली.

लंकाबाईने गाडीकडे बोट दाखवलं. हिरवं लुगडं, चोळीचा खण. छबूला न्यायला आणलेलं लुगडं त्याने स्वतःच्या हाताने आणून माझ्या पदरात घातलं, आणि मी ते घेतलं. का नाही घेणार? घसा माझा सुकला होता.

मग भिमाजीदादा उठला. मला वाटलं, हा आता पाव्हण्यांची मनधरणी करणार. तो देवळाबाहेर गेला, खुंट्याला बांधलेली घोडी सोडली, लगाम आणून कानिफनाथाच्या हातात दिला आणि म्हणाला, "नदीला पानी हाय, वळसा लांबचा हाय. उजेड हाय तवर जावा."

तेवढंच. आमच्या दादाला ह्याहून जास्त बोलता येत नाही. घरी आल्यावर छबूला म्हणाला, "भाकरी वाढ." ती वाढली. त्या रात्री त्याने उसासा टाकला नाही.

लुगडं मी नेसले नाही. छबूला विचारलं, तुला पाहिजे? म्हणाली, गुळाच्या ढेपीवर झाकायला कापड पाहिजेच हाय.

पुढच्या बाजाराला मी शमशेरभाईच्या गोणपाटापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, आता काय ओरडणार? तो जरा ओशाळला होता. शमशेरभाई ओशाळलेला मी तेवढ्या वेळीच पाहिला. म्हणाला, "बाई, सुतळी सोडून सगळे खिळे पेटीत टाकले. पण नवा मजकूर सुचंना. तुम्हीच सांगा, काय ओरडू?"

मला कुठे येतं ओरडायला? मी मास्तरीण. मी विचार करत राहिले आणि चार पावलांवरून, हिरव्या लुगड्याखाली झाकलेल्या ढेपीमागून छबू म्हणाली, "हाय त्येच वरड की. बाई परत जात न्हाई."

शमशेरभाईने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. छाती भरून घेतली.

"घ्या! बाई परत जात न्हाई! शेवटपर्यंत जात न्हाई! घ्या!"

पहिल्यांदा लोक नुसतेच वळून बघायला लागले. बापे पुढे निघून गेले, एक-दोघे हसले. मी म्हटलं, बुडालं ह्याचं दुकान, माझी कादंबरीही बुडाली. मग एक बाई थांबली. डोक्यावर पाटी, कपाळावर जुना व्रण. तिच्यामागे आणखी एक. मग आणखी दोघी, कुणाकडे न बघता, भाजी बघायला आल्यासारख्या. त्यातल्या एकीलाही वाचता येत नसावं. शमशेरभाई प्रत्येकीला पुस्तक लाल फडक्यात बांधून देत होता, आणि एकदाही गुलाबाचं नाव काढलं नाही.

व्रणवाली बाई पुस्तक घेऊन छबूपाशी आली. गूळ बघितल्यासारखं केलं. हळूच म्हणाली, "ह्यात खरंच जात न्हाई ती?"

"न्हाई," छबू म्हणाली.

"त्यो न्याया आला तरी?"

"आला तरी."

बाईने पुस्तक पदराच्या घोळात खोल बांधलं, वरून गाठ मारली, ती गाठ ओढून बघितली, आणि म्हणाली, "गूळ दे थोडा."